गोळीअप्पांची मोजणी

आमच्या खटकचिंचोळीचे गोळीअप्पा मराठी आमच्यासारखंच बोलायचे, पण होमिओपॅथीचं औषध करताना मोजणी मात्र कन्नडात. मांडीवर चामड्याचा जाड तुकडा घ्यायचे, त्यावर बाटली आपटायचे, "ओंदु, येरडु, मूरु..." दहापर्यंत. मग तिच्यातला एक थेंब नव्या बाटलीतल्या स्पिरिटात, पुन्हा दहा ठोके. अशा तीस बाटल्या! निवृत्त मास्तर, वेळच वेळ.

मी एकदा विचारलं, "अप्पा, मूळ औषध कशाचं?"

"बचनागाचं. विषच की ते. पण तिसाव्या बाटलीत काय उरतंय? कामून घाबरायलाव, अक्का?"

हे त्यांचं पालुपदच. त्या शेवटच्या थेंबांनी साखरेच्या बारीक गोळ्या भिजवून द्यायचे. हात लावायचा नाही, झाकणात घेऊन चार गोळ्या जिभेखाली, अर्धा तास कांदा बंद. आम्ही हसायचो, पण पाळायचो.

एका दुपारी माझी चार वर्षांची नात चिमी माझ्या तापाच्या गोळ्यांची अख्खी बाटली गोड म्हणून खाऊन बसली. अप्पांकडून कालच आणलेली! मला बचनाग आठवला. तिला कडेवर घेऊन अप्पांकडे पळत सुटले.

वाटलं, अप्पा हसतील. ते उठून फडताळापाशी गेले. मूळ अर्काची बाटली तिसावीला खेटून उभी, तिचं बूच खाली पडलेलं. अप्पांचा चेहरा उतरला.

"अक्का, काल कोणती उचलली, ध्यानात येईना. जीप बोलवा. चला, उठा!"

कामून घाबरायलाव, असं म्हणाले नाहीत.

भालकीच्या दवाखान्यापर्यंत चिमी त्यांच्याच मांडीवर. छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते, "ओंदु, येरडु..." दहा झाले की पुन्हा पहिल्यापासून.

"चिमे, तोंडाला मुंग्या यायल्यात का गं?"

"न्हाई. अप्पा, अजून गोळ्या द्या की!"

दवाखान्यात अप्पांनीच सगळं सांगितलं, स्वतःची चूक धरून. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. काही झालं नाही. मूळ अर्काची बाटली अप्पांनी तिथंच देऊन टाकली. परतताना एवढंच म्हणाले, "आता माझ्यानं मोजणं व्हायचं न्हाई."

अप्पा गेले त्याला दोन वर्षं झाली. चिमी तापली की मी थेट भालकी गाठते. वाटेत तिच्या छातीवर हात ठेवून मोजत बसते. मला कन्नड दहापर्यंतच येतं. दहा झाले की पुन्हा पहिल्यापासून.