काकाआजोबांनी गाळलेल्या चार ओळी

आपल्याच गावच्या, हैदराबाद संस्थानाच्या काळातल्या सरकारी कागदांवर लघुप्रबंध लिहायचा असं मी मोठ्या तोऱ्यात ठरवलं, आणि ते कागद उर्दूत आहेत हे मला मागाहून कळलं. धन्य! सरांनी सरळ सांगितलं, महिनाअखेर एका तरी अस्सल कागदाची नक्कल आण, नाहीतर विषय बदल. बाबा टपलेलेच होते. नव्वदीनंतर गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते आणि माझ्या नावाचा फॉर्म घरात येऊन पडला होता. मग काय, परभणीहून गाडी पकडली आणि सकाळी हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनवर उतरले.

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ तिथेच राहायचे. काकाआजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, शाळा उर्दूतून शिकलेले. माझी सगळी मदार त्यांच्यावर. मी पिशवी ठेवल्या ठेवल्या "कधी निघायचं?" सुरू केलं.

"कायकू घाई करतीस? चहा तर पी."

जाणार असाल तर ऐका: आबिड्सपर्यंत बस, पुढे पायी. हे कागद असतात त्या दफ्तरखान्यात विद्यापीठाचं पत्र लागतं, साडेदहाच्या आत कपाट उघडत नाही, आणि डबा बाहेर ठेवावा लागतो. कोपऱ्यावर इराण्याचा चहा आणि खारी बिस्किटं मिळतात, त्यावर दिवस निघतो. शेजारच्या टेबलावर इथल्याच विद्यापीठातली रेहाना बसायची. संस्थान गेलं त्याला मी मुक्तिसंग्राम म्हणायचे, ती पोलीस ॲक्शन म्हणायची. दोघींनाही वाटायचं, हिला कुणी शिकवलं हे?

पहिला दिवस फुकट गेला. मला एका जागी बसवेना. दहादा उठले, दहादा घड्याळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी आमच्या गावचा अर्ज सापडला तो लगेच काकाआजोबांपुढे सरकवला. ते वाचत गेले, मी लिहीत गेले. शेतसाऱ्याची तक्रार, नेहमीचंच, म्हणाले आणि पाय मोकळे करायला बाहेर गेले.

वाचन शेजारून ऐकणाऱ्या रेहानानं सहज कागदावर नजर टाकली. "नीचे की चार लाइनाँ छोड़ दिए क्या? पटेल का नाम है इसमें." तिनं पाटलाचं नाव वाचलं. ते माझ्या पणजोबांचं होतं. म्हणजे काकाआजोबांच्या वडिलांचं.

संध्याकाळी काकाआजोबा मला बेगम बाजारात घेऊन गेले, आईसाठी धने आणि मिरच्या घ्यायला. मी मागून धुमसत चालत होते. शेवटी विचारलंच, त्या ओळी का गाळल्या? त्यांनी हातातले धने परत पोत्यात टाकले.

"बाप होता गे माझा," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर कसं वाचू?"

मला त्यांची दया आली आणि रागही आला. रात्रीचं जेवण कुणालाच गेलं नाही. पण सकाळी माझ्या आधी तेच चपला घालून दारात उभे होते. दफ्तरखान्यात त्यांनी चारही ओळी मोठ्यानं वाचल्या. सटवाबाई नावाच्या बाईनं वेठीला जायला नकार दिला, म्हणून पाटलानं तिचं घर पाडलं होतं. खाली तिचा अंगठा. नाव नीट लिहिलंस का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी हो म्हणाले.

मी परभणीला परत आले, लिहायला बसले, आणि त्या पानावर अडकले. कुणी काही म्हटलं नव्हतं. बाबांनी तर नक्कल वाचलीही नव्हती. तरी पणजोबांचं नाव लिहायचे, खोडायचे, अंगणात फेऱ्या मारायचे. शेवटी 'गावचा पाटील' एवढंच टाईप करायला दिलं. सर खूश, पहिला वर्ग, कॉम्प्युटरचा फॉर्म रद्दीत.

एक प्रत काकाआजोबांना पाठवली. आठवड्यात त्यांचं पोस्टकार्ड आलं. शाबासकी होती, आणि खाली एक ओळ: 'बाईचं नाव आहे. माझ्या बापाचं कुठं गेलं?'

ते जाऊनही आता खूप वर्षं झाली. हैदराबादहून मी पुष्कळ काही आणलं, चव आणली, रेहानासारखी मैत्रीण आणली, पण झोप मात्र त्या पानानं घालवली. आणि तुमच्या लक्षात आलंच असेल, एवढं सगळं सांगितलं तरी पणजोबांचं नाव मी आजही लिहिलेलं नाही.