शिंपल्यावरची साडी

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी काचेची एक मोठी टाकी आहे. तिच्यात खारं पाणी, वाळू, थोडे दगड आणि एक जिवंत शिंपला. आधी मासेही होते, ते एकेक करून गेले. शिंपला उरला. मुलाने मोठ्या हौसेने हे सगळं मांडलं आणि मग नोकरीसाठी तो बंगळूरला गेला. जाताना मला म्हणाला, "आई, काही अवघड नाही. पाणी कमी झालं की फिल्टरचं ओतायचं आणि काच पुसायची. वरच्या दिव्याला मात्र हात लावू नको, शॉक बसेल."

तेव्हापासून मी पाणी ओतते आणि काच पुसते.

खारं पाणी वाळलं की जिथे तिथे पांढरी पूड धरते. काचेच्या कडेला, वायरींवर, खालच्या फरशीवर. सकाळी पुसावं तर संध्याकाळी पुन्हा हाताला कचकच लागते. बोटांना भेगा आहेत, त्यांत ते मीठ झोंबतं. लाईट गेली की टाकीचा पंप बंद पडतो, मग इन्व्हर्टरची पिन बदलायला उठा. घरात दोनच माणसं, तरी काम दहा जणांचं असल्यासारखं वाटतं. वय झालं, हेही असेल.

आमचे हे मात्र दिवसभर त्या शिंपल्यापुढे बसतात. वणीच्या रस्त्याला आमची द्राक्षबाग आहे. छातीचं दुखणं झालं आणि डॉक्टरांनी बागेत राबायला मनाई केली. बाग पुतण्याकडे गेली आणि आम्ही नाशिकला मुलाच्या फ्लॅटमध्ये आलो. आल्यावर कितीतरी महिने हे भिंतीकडे तोंड करून पडून असत. जेवायला उठवावं लागे. मी काही विचारलं तर "हं" म्हणत, तेही उशिराने. मुलगा गेला आणि शिंपला यांच्या ताब्यात आला, तेव्हा कुठे माणूस उठून बसला. आता सकाळी आंघोळ करून, दिवा लागायच्या आत खुर्ची ओढून तयार असतात. दिवा आपोआप लागतो, आधी निळा, मग पांढरा. मग शिंपला हळूहळू तोंड उघडतो आणि आतली मखमलीसारखी झालर बाहेर काढतो. निळीहिरवी, मोरपिसाच्या रंगाची. काचेपुढून कुणी गेलं, नुसती सावली पडली, तरी चटकन आत ओढून घेतो.

"बघ, मला वळखतो," हे म्हणत.

सावली ओळखतो, असं मी मनात म्हणे. मोठ्याने नाही. मला मोठ्याने फारसं बोलता येत नाही, पहिल्यापासूनच.

मुलाने यांना समजावून सांगितलं होतं की शिंपल्याच्या अंगातच बारीक शेवाळ असतं. ते उजेडावर जगतं आणि शिंपला त्याच्यावर. उजेड हेच त्याचं जेवण. यांना ते फार आवडलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "ह्याला चारा नाय, दाणा नाय. नुसता उजेड खातो."

मला शिंपल्याचं तसं फार कौतुक नव्हतं. पण त्याला काही झालं तर हे पुन्हा भिंतीकडे वळतील, ही भीती मला रोज असे. काच पुसताना मी आधी शिंपल्याकडे बघे आणि मग यांच्याकडे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या झालरीच्या मधोमध रंग उतरल्यासारखा दिसायला लागला. फिकट पांढरा डाग. हे काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले.

"चट्टा हाय हा. उन्हाचा," म्हणाले. "दिवा लय तेज हाय ह्याला."

आमच्याकडे माल काढायच्या आधी ऊन तापायला लागलं की घडांना चट्टे पडू नयेत म्हणून बागेवर जुन्या साड्या टाकतात. लांबून बघितलं तर कुणी साऱ्या गावाचं धुणं एकाच शेतात वाळत घातलंय असं वाटतं. हे काम यांच्या हातचं. मला म्हणाले, "तुझी एखादी विरलेली साडी दे."

मी पिवळी सुती दिली. तिचा पदर फाटून बरेच दिवस झाले होते. यांनी तिचा तुकडा करून, दिव्याच्या खाली, टाकीच्या चारही कडांना सुतळीने ताणून बांधला. बागेत मारतात तशाच गाठी मारल्या. बांधून झाल्यावर लांब उभे राहून बघितलं. चेहऱ्यावर किती दिवसांनी काम केल्याचं समाधान होतं. मी चहा केला.

आणि खरंच, आठवडाभरात शिंपला एवढा फुलला की विचारू नका. झालर कवचाच्या बाहेर येऊन कडेवरून खाली लोंबायला लागली. तसा तो आधी कधीच फुलला नव्हता. यांनी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

"काका, शिंपल्याला साडी नेसवली होय? मग आता ओटी कधी भरायची?"

"भरू की. तुम्ही नारळ आणा."

"आमच्या मामांकडं असल्याची भाजी करतात, अलिबागला."

"भाजीचं नाव काढलं तर पुन्हा आत येऊ द्यायचा नाय तुम्हाला."

त्या दिवशी यांनी रात्रीच्या जेवणात एक भाकरी जास्त खाल्ली. मीही मनातून निर्धास्त झाले. काम मात्र वाढलं. साडीवर पाणी उडून ती मिठाने कडक होई, पापडासारखी. दर दोनचार दिवसांनी मी ती सोडायची, धुवायची, वाळवायची आणि हे पुन्हा बांधायचे. गाठ माझ्या हातून तशी बसत नसे.

पण मग रंग आणखी उतरत गेला. निळा गेला, हिरवा गेला, तपकिरी राहिलं तेही पाण्यात भिजवल्यासारखं. झालर लोंबतच होती, पण काचेपुढे सावली पडली तरी तो लगेच मिटेना. मिटला तरी अर्धवट. हे "मला वळखतो" म्हणायचे थांबले. एकदा साडी दुपदरी करून बघितली. खुर्चीत बसत, पण बघत खिडकीकडे. जेवताना मी भाजी वाढू का विचारलं तर "हं" म्हणाले, उशिराने.

रविवारी मुलाचा फोन आला, चेहरा दिसणारा. यांनी फोन टाकीकडे वळवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. फोनसमोर यायला मला आजही लाज वाटते.

"बाबा, वर काय बांधलंय?"

"साडी."

"कुणाची?"

"तुझ्या आईची. उन्हाचा चट्टा पडला होता."

मुलगा हसायला लागला आणि शिंपला नीट दिसल्यावर थांबला. "बाबा, साडी काढा. हा फुललेला नाही. उजेड पुरत नाही म्हणून अंग ताणतोय. जेवढं अंग बाहेर तेवढा उजेड मिळेल, म्हणून. उपाशी आहे तो."

"अरे, घडाला आपण..."

"घड नाही बाबा ते. पान आहे. पानावर कुणी साडी टाकतं का?"

पानाला ऊन लागतं म्हणून घडाला गोडी येते, हे यांनीच त्याला लहानपणी बागेत शिकवलेलं.

मग तो म्हणाला, "पण साडीच्या आधीच डाग पडला होता म्हणता. दिव्याची काच कधी पुसली होती?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी दारातूनच म्हणाले, "तूच सांगितलं होतंस, दिव्याला हात लावू नको."

"अगं आई, बंद करून पुसायची."

"ते सांगितलं नव्हतंस."

तो कपाळाला हात लावून बसला. मग म्हणाला, दिवा पुसा, पण उजेड एकदम देऊ नका, इतके दिवस सावलीत होता तो, आता खरंच भाजेल. दिव्याचा जोर तो तिथून फोनवरून कमी करणार होता आणि मग दर आठवड्याला थोडा थोडा वाढवणार होता. आणि जमत नसेल तर ज्याच्याकडून शिंपला आणला तो दुकानवाला परत घेऊन जाईल, त्याच्याकडे जगेल.

"बघू," हे म्हणाले आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेले.

मी पिन काढली आणि स्टुलावर चढून दिवा पुसला. गीझरच्या नळाला धरतो तसा मिठाचा थर होता, ओल्या फडक्याने दोनदा तीनदा घासावा लागला. गुडघे दुखून आले. साडी सोडली. दिवा पुन्हा लावला, तो जोर कमी केलेला असूनही टाकीच्या तळाची वाळू लख्ख दिसली. किती दिवस आम्ही अंधाराकडे बघत होतो, ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी शिंपल्याने झालर पार आत ओढून घेतली. कवचाच्या आत नुसती एक बारीक रेघ दिसत होती. हे बाहेर आले, बघितलं आणि बाल्कनीतून वाळत घातलेली साडी घेऊन आले.

"आकसला बघ. भाजतंय त्याला. धर इकडून."

मी धरली नाही.

"अगं, धर ना."

"नाही बांधायची."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही कळत. पण नाही बांधायची."

हे माझ्याकडे बघतच राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी यांना कशाला नाही म्हटलं असेल, तर मला तरी आठवत नाही.

"आन मेला तर?" यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"मेला तर मेला. सावलीत तरी मरतच होता."

मी यांच्या हातातून साडी घेतली, आत जाऊन कात्रीने तिचे तुकडे केले आणि फरशी पुसायच्या बादलीत टाकले. बाहेर आले तर खुर्ची रिकामी होती. हे पलंगावर पडले होते, भिंतीकडे तोंड करून.

त्यानंतरचे दिवस फार लांब गेले. ज्याची भीती होती ते मी माझ्याच तोंडाने घडवून आणलं, असं वाटायचं. पाणी ओतायचं, काच पुसायची, दिवा बंद करून दिवा पुसायचा. आत जाऊन यांना उठवायचं, गोळ्या द्यायच्या, ताट द्यायचं. मुलगा तिकडून दिवा वाढवी आणि मला विचारी, "आई, कसा आहे?" मी म्हणे, "आहे." शिंपल्याचं विचारतोय की बाबांचं, तेही मी विचारत नसे. शिंपला आता पूर्वीसारखा लोंबत नव्हता. कवचाच्या कडेपर्यंत येई आणि तिथेच थांबे. लहान झाल्यासारखा, रुसल्यासारखा दिसे. पण मी फडकं घेऊन जवळ गेले की झटकन मिटे. मला त्याचा राग यायचा आणि बरंही वाटायचं.

एका दुपारी काच पुसताना कवचाच्या वरच्या कडेला पांढरी रेघ दिसली. बारीक, नितळ, नव्या नखासारखी. मी फडकं बाजूला ठेवून आतल्या खोलीत गेले.

"जरा बाहेर येता का?"

"काय झालं? गेला?"

"कडेला पांढरं काहीतरी आलंय."

"मीठ असंल."

"पाण्याच्या आत कुठून मीठ धरेल?"

मग पलंग करकरला. चष्मा शोधण्यात आणखी वेळ गेला. हे भिंतीला धरत टाकीशी आले आणि वाकून बघायला लागले.

"मीठ नाय हे," हे सावकाश म्हणाले. "कवच हाय. नवं फुटलंय. वाढतोय हा."

मग खुर्ची ओढली आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. फोन हवा होता. मी दिला आणि आत येऊन यांच्याच पलंगावर आडवी झाले. बाहेर हे मुलाला सांगत होते, मोठमोठ्याने, की दुकानवाल्याला सांग, येऊ नको, त्याला काय कळतंय. शिवाय दिवा आता आठवडाभर वाढवू नको, नव्या फुटव्याला दमानं घ्यावं लागतं.

स्वयंपाक व्हायचा होता. मला कुणी हाक मारली नाही आणि मीही उठले नाही.