चार नंबरची काच

परबकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी पॅसेजमध्ये उभी राहून पारा वाचत होते. पाच नंबर, उणे अठरा. सहा नंबर, उणे सतरा. ऑफिसातून हाक आली, 'बाई, दहिसरहून फोन आहे,' आणि मला कळायचं ते कळलं. दहिसरहून मला फोन करणारं दुसरं कोण होतं? त्यांच्या शेजारचा माणूस बोलत होता. झोपेतच गेले म्हणाला, सकाळी काकी उठवायला गेल्या तर... फोन ठेवला आणि परत पॅसेजमध्ये आले, कारण चार नंबर वाचायचा राहिला होता. त्या खोलीचा पारा मी तशीही सगळ्यात शेवटी वाचत असे. त्याचं कारण पुढे येईलच, पण ते सांगण्यासाठी आधी काकांची ओळख करून द्यायला हवी.

सदानंद परब आमच्या मरोळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काचा पुसायचे. ऐकायला हे हलकं काम वाटतं. मलाही वाटलं होतं. कोळंबी आणि मटार ठेवायच्या आमच्या सहा खोल्या होत्या, आणि प्रत्येक खोलीच्या दाराशेजारी हात-दीड हाताची जाड दुहेरी काच. आत थर्मामीटर टांगलेला. तो बाहेरून वाचता यावा आणि दर खेपेला दार उघडून गारवा वाया जाऊ नये, यासाठी ती काच. पण आतल्या बाजूला तिच्यावर दोन दिवसांत बर्फाची साय धरे, मग मला आकडा दिसेना. ती साय काढायला माणसानं आत जायचं, आणि पाणी घेऊन जायचं. उणे अठरामध्ये पाणी! पहिल्या दिवशी मी खो खो हसले होते. काकांच्या आधी जो झाडूवाला हे काम करायचा त्यानं बादलीभर साधं पाणी काचेवर फेकलं होतं आणि काच साफ व्हायच्या ऐवजी तिच्यावर बोटभर जाडीचा बर्फ चढला होता. तो पुढे चार दिवस खरवडत बसला.

काका आले ते गिरणी बंद पडल्यावर. तीस वर्षं मागावर काढलेला माणूस, मूळचा मालवणकडचा, पन्नाशीचा. कापसाच्या उकाड्यातून थेट बर्फात आला. त्यांनी महिन्याभरात त्या कामाचं शास्त्र बनवलं. आधी पाण्यात मीठ घालून बघितलं, पाणी गोठेना पण दाराचं लोखंड गंजायला लागलं, म्हणून सोडलं. मग स्पिरिट. कोमट पाण्यात निम्मं स्पिरिट, चमचाभर साबण, आणि ती बाटली सुतळीनं पोटाला बांधून वरून स्वेटर. 'पानी पोटाकडे ठेवचा बाय,' मला सांगायचे, 'माणूस गरम तर पानी गरम. पण कढत नको. कढत पानी मारलंस तर काच तडकता.' रबराची पट्टी काखेत. काखेबाहेर राहून थंड झाली तर ती लाकडासारखी कडक होते आणि मग तिचा काही उपयोग नाही. फडकं पिळून पिळून कोरडं केलेलं. काचेचा तळहाताएवढा तुकडा घ्यायचा, ओला करायचा आणि ओला आहे तोवरच ओढून काढायचा, मग पुढचा. शेवटी रद्दी पेपरनं कोरडं. बादली कधी आत न्यायची नाही, ती पॅसेजमध्येच. आणि दहा मिनिटांच्या वर आत राहायचं नाही. मे महिन्यात मरोळ नाक्यावर लोक घामानं निथळत उसाचा रस पीत असायचे आणि आमचे काका माकडटोपी घालून दारातून बाहेर यायचे, भुवयांवर पांढरं. पोरं टाळ्या पिटायची. स्पिरिट पितात अशीही चहाटळ बातमी होती. मी एकदा तसं तोंडावर विचारलं, तर म्हणाले, 'पिऊन बघितलंय. काचेकच बरा लागता.'

ते आत असताना मी बाहेर उभं राहायचं, हा त्यांचा नियम. कंपनीचा नव्हे, त्यांचा. दार जाड, शेजारी कॉम्प्रेसरची घरघर, आत माणूस ओरडला तरी बाहेर कुजबूजसुद्धा यायची नाही. म्हणून काम झालं की ते काचेवर आतून उजवा पंजा टेकवायचे. मी बाहेरून त्यावर माझा पंजा टेकवायचा. म्हणजे झालं, मी निघालो, तुला कळलं. मग ते दाराचा दांडा उचलून बाहेर यायचे. 'हात दिसल्याशिवाय हलूचा नाय,' हे त्यांनी मला इतक्यांदा बजावलं होतं की मी चिडायचे. तेविसाव्या वर्षी कुणी एकच गोष्ट रोज सांगितली की चीड येतेच. पण काचेच्या अलीकडे-पलीकडे ते दोन हात जुळले की मला बरं वाटायचं, हेही खरं. काच इतकी गार असायची की माझी बोटं बधिर व्हायची आणि त्यांचा हात मात्र उरल्यासुरल्या धुरकट सायीतून गुलाबी दिसायचा.

आता तो दिवस. सहा वर्षं झाली. सकाळचे अकरा-साडेअकरा असतील. काका चार नंबरमध्ये गेले. दाराच्या आतल्या लोखंडी दांड्यावर ते नेहमी चिंधी गुंडाळून ठेवत, कारण ओला हात उघड्या लोखंडाला लागला तर चिकटतो. त्या दिवशी चिंधी धुऊन वाळत घातली होती. हे मला नंतर कळलं. त्या खोलीत सकाळीच माल भरला होता, त्यामुळे साय नेहमीपेक्षा दाट, पुसली तरी परत धरणारी. मला काचेत काही दिसत नव्हतं, पांढरंच पांढरं. सात-आठ मिनिटं झाली असतील. ऑफिसातून आरडाओरडा आला, माझा फोन आहे, भाऊ बोलतोय, दहावी पास झाला! आमच्या घरातला पहिला. मी काचेकडे पाहिलं आणि त्याच क्षणी तिथे हात उमटला. पांढऱ्यात पाच बोटं. मी माझा पंजा त्यावर ठेवला आणि धावले.

फोनवर मी किती बोलले, देव जाणे. आधी भाऊ, मग आई, मग शेजारीण, सगळ्यांना पेढे कबूल केले. ऑफिसातल्या लोकांना सांगितलं, कुणी चिडवलं, कुणी पार्टी मागितली. अर्धा तास सहज. परत आले तर पॅसेजमध्ये बादली होती तिथेच. बाहेर आल्यावर बादली उचलल्याशिवाय काका कधी पाऊल टाकत नसत. मी दार ओढलं, ते निघेना. कॉम्प्रेसरवाल्याला हाक मारून दोघांनी ओढलं. काका दाराला टेकून बसले होते. डोळे उघडे. उजवा हात डाव्या काखेत. दांड्यावर... दांड्यावर त्यांची कातडी राहिली होती.

टेम्पोत घालून त्यांना दवाखान्यात नेताना मी एकच वाक्य बडबडत होते. 'मी हात बघितला काका, शपथ, मी हात लावला, मगच गेले.' ते कुडकुडत होते, बोलता येत नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, 'खयचो हात?' मी माझा हात वर करून दाखवला, अंगठा कुठल्या बाजूला होता ते आठवून. डावा. ते माझ्याकडे बघत राहिले. किती वेळ बघत होते, मला अजून ती नजर आठवते. मग डोळे मिटून म्हणाले, 'डावो? मग तो माझो नाय गो.'

तीन बोटांची पेरं काढावी लागली. महिन्यानं कामावर आले ते पट्टी बांधूनच. मालकाला सांगितलं, दांडा बर्फानं अडकला, माझीच चूक, चिंधी लावली नव्हती. मग एके दिवशी डबा खाताना मला बाजूला घेऊन त्यांनी गोविंदाची हकिगत सांगितली. 'माझ्या अगोदर हयसर एक गोविंद होतो. हमाल. चार नंबरात माल लावत होतो, बाहेरून दार बंद झाला, कोणाक कळला नाय. तेव्हा काचा नव्हत्यो. तो गेलो म्हणून काचा बसवल्यो.' 'डावखुरो होतो,' ते म्हणाले. 'पन तू भियाव नको. तो कोणाक काय करना नाय. बाहेर कोण आसा काय, इतक्याच बघता. आणि हय त्याचा नाव काढू नको, मालकाक आवडत नाय.'

मी नाव काढलं नाही. पण त्या दिवसापासून चार नंबर माझ्यासाठी वेगळी झाली. पारा वाचायला काचेशी जायचे तर अंगावर शहारा. एका सकाळी सगळ्या काचेवर साय आणि खाली एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा स्वच्छ, जशी कुणी आतून पुसून डोकावून बघितलं असावं. खोलीला रात्रभर कुलूप होतं. कॉम्प्रेसरवाला म्हणाला, हवा तिथून फिरते, असं होतं. होत असेल. मी आकडा वाचला, लिहिला आणि जवळजवळ पळत ऑफिसात आले. कधी कधी मला गोविंदाचा राग यायचा. तुझ्यामुळे काकांची बोटं गेली, असं मी त्या काचेकडे बघून मनात म्हणायचे. मेलास तर मेलास, मला कशाला फसवलंस? आणि हे म्हणताना एक आधार वाटायचा, तोही सांगून टाकते. मी नियम मोडला नव्हता. मी हात बघितला होता. हात भलत्याचा निघाला त्याला मी काय करणार!

काका पुढे डाव्या हातानं काचा पुसू लागले. पंजाही डावाच टेकवायचे आता. पहिल्यांदा तो टेकवला तेव्हा मी बाहेर किंचाळले होते. दार उघडून ते बाहेर आले आणि माझी समजूत घालत बसले, थरथरत मी होते आणि बर्फातून आले होते ते. माझं लग्न झालं, मुलगी झाली, दर खेपेला ते आले, कोपऱ्यात बसले, जेवले, निघाले. मुलीला खेळवताना तुटक्या बोटांचा ससा करून दाखवायचे. गेल्या वर्षी त्यांनी काम सोडलं.

तेरावं झाल्यावर एका रविवारी मी दहिसरला गेले. नदीच्या बाजूची चाळ, दुसरा मजला. काकी एकट्याच होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. बोलता बोलता मी म्हणाले, काकांसारखा धीराचा माणूस मी बघितला नाही, त्या गोविंदाच्या खोलीत परत परत जायचे. काकींनी विचारलं, 'कोण गोविंद?' मला वाटलं, त्या विसरल्या असतील. मी सगळं सांगितलं. हमाल, डावखुरा, काचा का बसवल्या ते. त्या ऐकत होत्या, पदराशी चाळा करत. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, 'असो कोण नव्हतो गो.'

'मग तो हात?' मी विचारलं.

'तो तेंचोच हात. उजवो दांड्याक चिकटलेलो, सुटना. डावो काचेपर्यंत पोचत होतो. डाव्यान तुका बोलवत होते.' त्यांनी हातातला पदर सोडला. 'तू हात लावलंस आणि गेलंस.'

खोलीत पंखा फिरत होता आणि मला थंडी वाजत होती. टेम्पोतली ती नजर मला आता कळली. माणूस कुडकुडतोय, हाताची साल निघालीय, आणि त्या अवस्थेत तो माझ्या तोंडाकडे बघून ठरवतोय की हिला काय सांगायचं. काकी म्हणाल्या, 'माका म्हणाले, पोरगी लहान आसा, तिका कळला तर ती जन्मभर झोपूची नाय. एक नसलेलो माणूस उभो केलंय, तेच्यावर ढकललंय, तेका काय फरक पडता.'

'मग आज का सांगितलंत काकी?'

'मी एकट्यान किती दिस सांभाळू?'

मी विचारू नये ते विचारलं. 'तुम्हाला माझा राग नाही आला?'

'इलो तर,' काकी म्हणाल्या. 'अजून आसा. च्या घे पयली.' मी चहा घेतला. निघताना त्यांनी पुढच्या रविवारी ये म्हटलं.

सोमवारी कामावर गेले. गोविंद नाही हे कळल्यावर चार नंबरची भीती जायला हवी होती. इतकी वर्षं जो मला छळत होता तो कधी जन्मालाच आला नव्हता, मग भ्यायचं कशाला? काकांच्या जागी आलेला शंकर काच पुसून नुकताच बाहेर आला होता, बादली त्याच्या हातात होती. मी पारा वाचला. उणे अठरा. वहीत लिहिला. काच लख्ख होती, आत मटारची पोती स्पष्ट दिसत होती, बाकी काही नाही. शंकर म्हणाला, 'मॅडम, झालं ना? आत कोणी नाय. मी तर हा इथे उभा आहे.'

'दिसतंय मला,' मी म्हणाले. पण मला तिथून जाता येईना. ऑफिसातून कुणीतरी दोनदा हाक मारली, माझा फोन होता.