कानामागची रेघ

मेलबर्नच्या आमच्या इस्पितळात कॉलिन ट्रेलोर दमलेला नाही, असा एकही गुरुवार मी पाहिलेला नाही. मी मुलांना भूल देतो आणि तो त्यांच्या कानामागं चीर घेऊन आत ऐकण्याचं यंत्र बसवतो. हात धुताना तो असा वाकतो, की नळालाच त्याची दया यावी. तोंडानं गुडघा, जावई आणि त्याचा फुटबॉल संघ यांच्या तक्रारी. संघाबद्दलची तेवढी रास्त असते.

तो शिकला तेव्हा घोड्याच्या नालेपेक्षा मोठी चीर घेत आणि अर्धं डोकं भादरत. आता दोन बोटांची चीर पुरते. मोठ्या माणसांत ती जरा खाली, पाळीकडे उतरली तरी खपतं. बाळाच्या कानामागचं हाड मात्र भरलेलं नसतं आणि चेहरा हलवणारी नस तिथं कातडीजवळून जाते. चीर खाली गेली आणि नस दुखावली, की पोर जन्मभर अर्ध्या तोंडानं हसणार.

त्या गुरुवारी टेबलावर अकरा महिन्यांची टिली होती. मेंदूच्या तापानं दोन्ही कान गेलेले, यंत्राची तार ज्यात सरकवायची तो कानातला शंख हाडानं बुजत चाललेला. शस्त्रक्रिया पुढं ढकलायची सोय नव्हती.

कॉलिननं कान पुढं ओढून पेननं रेघ मारली. कान सोडला, तर रेघ पार पाळीपाशी.

"ही कुणाची? तिच्या आजोबांची?" हत्यारं देणारी लियान म्हणाली.

"काल दिवसभर म्हाताऱ्यांचेच कान केले गं. हाताला तीच सवय." त्यानं रेघ पुसली, पुन्हा काढली. पुन्हा खाली. लियाननं पुसायला कापूस पुढं केला.

"चहा पिऊन येतोस का? बाळ मजेत आहे," मी म्हटलं.

"चहानं काय होणार, बाबा?" त्यानं समोर उभ्या असलेल्या सिनाकडे पाहिलं. ती त्याच्याच हाताखाली तयार झालेली सर्जन. "सिना, माझ्या जागी ये."

"मी? आणि तू?"

"मी कुठं पळतोय? हा गुडघा पळू देईल का?"

सिनानं कान न ओढता, आहे तसाच ठेवून रेघ काढली.

"आणखी केसभर वर," कॉलिन म्हणाला. तिनं केली. मग तो कातडीची कड आकड्यानं धरून शेवटपर्यंत उभा राहिला. एरवी हे काम आम्ही सगळ्यांत नवख्या डॉक्टरच्या गळ्यात मारतो.

यंत्र नीट बसलं. शुद्धीवर येताच टिलीनं भोकाड पसरलं. कॉलिन वाकून बघत राहिला. तोंड दोन्हीकडून सारखंच वाकडं होत होतं.

मग त्यानं खुर्ची ओढून कचेरीला फोन लावला.

"बाळांच्या यादीवर यापुढं माझ्याऐवजी सिनाचं नाव घाला... नाही, सुट्टी नाही. कायमचं."

फोन ठेवला. लियाननं त्याच्यासाठी चहा आणून ठेवला. तो निवून गेला, तरी कॉलिन काही उठला नाही.