आधी माझं पोट

"लेट्स डू हर फर्स्ट. मग नंदिताचं बघू."

मॅडमचं हे बोलणं मी वजनकाट्यावर उभी असताना ऐकलं. अंधेरीला, डॉक्टरांच्या कन्सल्टिंग रूममध्ये. मधे हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे मी आणि काट्याचा आकडा बघून चुकचुकणारी नर्स. पलीकडे डॉक्टर, मॅडम, त्यांची मुलगी नंदिता आणि रिकामी खुर्ची असूनही उभे असलेले माझे बाबा.

बाबांना इंग्रजी कळत नाही. मला कळतं. मला कळतं हे मॅडमना माहीत होतं, कारण त्यांनीच मला मुलीच्या शाळेत घातलं होतं. तरी त्यांनी आवाज कमी केला नाही. पडद्यामागे स्टूल असतं, काटा असतो, तशी मी होते.

डॉक्टर म्हणाले, "तेच शहाणपणाचं. मागच्या वेळीही आपण तसंच केलं होतं."

मागच्या वेळी. म्हणजे तीन वर्षांपूर्वी माझं पोट फाडलं तेव्हा.

माझे बाबा आधी गिरणीत बदलीवर होते. सलग काम मिळेना, म्हणून ते गाडी शिकले आणि सात बंगल्याला मॅडमच्या घरी ड्रायव्हर म्हणून लागले. आम्ही राहायचो अंधेरी पूर्वेला, चाळीत. नंदिता माझ्याच वयाची. ती एकटी शाळेत जाईना, फाटकाशी लोळण घ्यायची. म्हणून माझंही नाव तिथंच घातलं. कॉन्व्हेंट शाळा. लोक बाबांना म्हणायचे, नशीब काढलंस. मी तिथं शिकायला गेले नव्हते. नंदिताचं रडणं थांबावं म्हणून गेले होते.

गाडीत ती मागे बसायची, मी पुढे बाबांच्या शेजारी. वर्गातल्या सगळ्या मुली तिच्या आईला आंटी म्हणायच्या. मी मॅडम म्हणायचे.

आम्ही दोघी जाड होतो. तिचे जुने कपडे मला बरोबर बसायचे. मॅडम पिशवी भरून द्यायच्या आणि म्हणायच्या, "बघ, देवानेच मापं जुळवलीत." तो कापसाचा मऊ फ्रॉक, पाठीवर मोठी नाडी असलेला. मी घालायचे तेव्हा वर्गात कुणीतरी हमखास म्हणायचं, "हा तर नंदिताचा!" मला तिचा फ्रॉक नको होता. मला तो आधी घालायचा होता.

हेवा म्हणजे काय, ते मला फार लवकर कळलं. ती जाड असून लाडकी होती. मी जाड होते तर नुसतीच जाड. तिला मुली 'टेडी' म्हणायच्या. मला 'गोदाम'.

आम्ही कॉलेजात गेलो तेव्हा अमेरिकेहून परतलेल्या या डॉक्टरांचं नाव मॅडमच्या कानावर आलं. ते पोटाला आतून पिना मारत. कागदाला मारतात तशा. पोटाची लहानशी पिशवी करून टाकायची, म्हणजे चार घास खाल्ले की माणूस थांबतो. मॅडम एकदा बाबांना म्हणाल्या, "शांताराम, तुझ्या मुलीचं आपण करून देऊ. सगळं आमच्याकडे लागलं." बाबा घरी येऊन देवापुढे बसले. आईने शेजारी साखर वाटली.

मीही खूश झाले, हे लिहायलाच हवं. पहिल्यांदा मला काहीतरी नंदिताच्या आधी मिळत होतं. नवंकोरं.

छातीखालून बेंबीपर्यंत चिरलं. ताप चढला, जखम चिघळली, आई काचेच्या दाराबाहेर बाकावर बसून होती. ते मला फारसं आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. बरी होऊन घरी आल्यावर दर शनिवारी बाबा मला बंगल्यावर न्यायचे. चहाला आलेल्या बायका असायच्या. मॅडम म्हणायच्या, "कुर्ता वर कर गं जरा. लाजू नको, सगळ्या बायकाच आहेत."

मी कुर्ता वर करायचे. हातात कपबशी धरून बायका वाकायच्या.

"व्रण केवढा राहिलाय हो!"

"पण उतरलीय. तोंड बघा ना, केवढंसं झालंय."

"आपल्या नंदूला एवढा व्रण नको. डॉक्टरांना सांगा, टाके बारीक घाला म्हणावं."

नंदिता सोफ्यावर पाय घेऊन बसलेली असायची. माझ्या पोटाकडे टक लावून बघायची. एकदा तिने बोट लावून विचारलं, "दुखतं का अजून?" मी नाही म्हटलं. तिने सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास माझ्यासाठी नव्हता. तरी मला कळलं नाही. मला खरंच कळलं नाही की मी कशासाठी तिथे उभी आहे.

पाच-सहा महिन्यांनी तिचं ऑपरेशन झालं. टाके बारीक घातले.

त्या काळात मी बारीक झाले होते. एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. माझं इंग्रजी चांगलं, आवाज नाजूक. पूर्वी मला वाटायचं, हा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी आहे, चुकून माझ्यात आलाय. आता तो मला शोभायला लागला. माणसं फोनवर लाडात बोलायची, मग काम काढून ऑफिसात यायची, टेलिफोनच्या बोर्डामागे डोकावायची आणि हसायची. हसायची! तोंड पाडून परत जायची नाहीत. ते काही महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड. ते पुन्हा मिळावेत म्हणून मी काय वाटेल ते केलं असतं.

पण वजन परत चढू लागलं.

डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, पातळ पदार्थ कितीही चालतील. एवढंच. भात माझ्या घशाशी अडकायचा. चपाती उलटून पडायची. मालवणकडची माझी आई. मुलीच्या पोटात काही ठरत नाही म्हणून तिच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. मग तिने नारळाचं दूध काढायला सुरुवात केली. दाट, पहिलं दूध. त्यात गूळ, वेलची. शिरवाळ्यांबरोबर, तांदळाच्या शेवयांबरोबर, घेतात तो रस, नुसता, पेला भरून.

"घे गो बाय. डॉक्टरानच सांगल्यान ना, पातळ कितीव चलात."

तेवढाच पोटात राहायचा. सकाळी, मी ऑफिसातून आल्यावर, झोपताना. आई नारळ खवता खवता म्हणायची, पोरीच्या अंगाक लागता. लागत होतंच.

डॉक्टरांनी तपासलं, आईला विचारलं काय काय देता. आईने अभिमानाने सांगितलं. डॉक्टर हसले, कागदावर काहीतरी लिहून घेतलं. नंतर बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "तुमची मुलगी चोरून खाते." बाबांनी घरी येऊन लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. माझ्याकडे न बघता. मी लाडू खाल्लाच नव्हता. मला लाडू गिळताच येत नव्हता.

आणि नंदिता बारीक झाली. होतच गेली. तिच्यासाठी खास बाई ठेवली होती, कोंबडीचं नितळ पाणी करून द्यायला. क्लबात पोहायला जायची. मढच्या बंगल्यावर तिचा वाढदिवस झाला तेव्हा बाबांबरोबर मलाही बोलावलं होतं. तिने निळा सलवार-कमीज घातला होता, कंबरेला घट्ट. मी तिचाच जुना, ढगळ. पूर्वी आमची मापं जुळायची. आता तिने टाकलेले कपडेसुद्धा तिच्या जुन्या जाडीतले होते. तिने ती जाडी पिशवीत भरून मला दिली होती, आणि मी ती अंगावर घालून तिच्या वाढदिवसाला आले होते.

समुद्राकडच्या ओट्यावर ती माझ्या शेजारी बसली. चांगलं बोलत होती. तेच तर वाईट.

"काहीच गोड पीत नाही गं मी. ज्यूस बंद, मिल्कशेक बंद. नारळाचं दूध तर नावच नको. डॉक्टर म्हणाले, त्या मुलीच्या केसवरून कळलं, गोड पातळ पदार्थ सरळ खाली उतरतात, पिना काय करणार? थँक गॉड, यार, तुझं आधी झालं."

मी समुद्राकडे बघत राहिले. डॉक्टरांना कळलं होतं. त्यांनी नंदिताला सांगितलं. माझ्या आईला नाही. मला नाही. मला त्यांनी चोर ठरवलं.

त्या दिवशी मला शनिवारचे ते सगळे चहा कळले. आणि तरीही, त्या ओट्यावर बसून मी काय विचार करत होते? तिच्या मनगटाचा. किती बारीक होतं. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. मला संतापायचं होतं आणि मला ते मनगट हवं होतं.

मग तिचंही वजन वाढलं. लग्न ठरलं होतं, मुलगा परदेशात. डॉक्टरांनी फोटो काढून बघितले तर आतल्या पिना सुटलेल्या. तिचं वजन वाढलं, तर बिचारीच्या पिना सुटल्या. माझं वाढलं, तेव्हा माझा फोटो कुणी काढला नाही.

आता डॉक्टरांनी नवीन ऑपरेशन आणलं होतं. एकदा कापलेल्या पोटावर पुन्हा. आतडं वर ओढून त्या लहान पिशवीला जोडायचं. म्हणून आम्ही सगळे त्या दिवशी तिथे होतो. म्हणून मी काट्यावर होते.

मी पडद्याबाहेर आले. मॅडम हसून म्हणाल्या, "तुझ्याच भल्यासाठी आहे गं. पुन्हा बारीक होशील." डॉक्टर म्हणाले, आठवड्याने या, दिवस ठरवू. मी मान डोलावली. नेहमीसारखी.

तो आठवडा मी खरंच विचार केला. कुणी म्हणेल, विचार कसला करायचा त्यात? करायचा असतो. जी जाड आहे तिलाच कळेल. बोर्डावर बसून मी "गुड मॉर्निंग" म्हणायचे आणि मनात म्हणायचे, काय बिघडेल? त्यांच्यासाठी मी पहिली असेन, पण बारीक तर मीच होईन ना? फोनवरची माणसं पुन्हा हसतील. नंदिताच्या लग्नात मी तिच्याइतकीच दिसेन. कदाचित तिच्याहून बरी. हा विचार गोड होता. आईच्या रसासारखा, सरळ खाली उतरणारा.

घरी बाबा म्हणाले, "मॅडमनी आपल्यासाठी केवढं केलंय."

"नाही म्हटलं तर?"

"नाही कसं म्हणायचं?" ते रागावले नव्हते. ते खरंच विचारत होते. त्यांना ते कधी कुणी शिकवलं नव्हतं.

आई विळीवर बसली होती. विळी आडवी करून म्हणाली, "तुका व्हया असात तर कर गो. पण कोणाचा आदी आणि कोणाचा मागसून, ह्या ठरवणारे ते कोण?"

तिला मी पडद्यामागचं काही सांगितलं नव्हतं. तिने इतकी वर्षं बघून ओळखलं होतं.

आठवड्याने आम्ही पुन्हा त्याच खोलीत. डॉक्टरांनी टेबलावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या पोटावर पेन फिरवून बाबांना समजावलं. बाबा "हो साहेब, हो साहेब" करत होते. मी विचारलं, "हे ऑपरेशन तुम्ही आधी किती जणांवर केलंय?"

डॉक्टर थांबले. मी त्यांच्याशी आजवर बोललेच नव्हते. ते मॅडमकडे बघून म्हणाले, "परदेशात पुष्कळ झालीत."

"तुम्ही?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मॅडम म्हणाल्या, "शांताराम, समजाव तिला. इतक्या वर्षांचं आपलं. उद्या तुला आमच्या दारात उभं राहायला लाज नको वाटायला."

बाबांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले. तेवढ्यात नंदिताने माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते, खोटे नव्हते.

"प्लीज यार, तू कर ना आधी. मला खूप भीती वाटते."

भीती मलाही वाटत होती. आठवडाभर वाटत होती. पण माझ्या भीतीसाठी त्या खोलीत कुणाचा हात रिकामा नव्हता. मी तिच्या हाताकडे बघितलं. थोडा भरला होता, तरी माझ्याहून बारीक. मला तो अजूनही हवा होता. आणि हवा असतानाच मी माझा हात सोडवून घेतला.

इंग्रजी ओठांवर आलं होतं. ते मी मागे सारलं. बाबांनाही कळायला हवं होतं.

"हे ऑपरेशन मी करणार नाही. नोकरी गेली तर बाबा दुसरी बघतील, तोवर माझा पगार आहे. जळते मी तुझ्यावर, नंदिता. लहानपणापासून जळते. तुझं जे जे आहे ते सगळं मला हवं असतं, आजसुद्धा. पण तुझी भीती मी घेणार नाही. ती तुझी तू ठेव."