इस्लँड

आमची वहिनी इंग्रजी शब्दातलं एकही अक्षर वाया जाऊ देत नसे. 'नाइफ' तिच्या तोंडी 'क्नाइफ' व्हायची, 'लिसन'चं 'लिस्टेन' व्हायचं आणि 'आयलंड' तर कायमचं 'इस्लँड'. नारळ खोवताना करवंटी पांढरी ठेवायची नाही, तशीच तिची वाचण्याची रीत.

मी एकदाच तिला सुधारायला गेले. "वहिनी, त्यातला एस म्हणत नाहीत."

"मग लिवलाय कशाला?"

"असतो तो. मुका असतो."

"आलाय तर बसू द्या, वन्सं. मुका हाय म्हणून पंगतीतनं उठवायचा काय?"

ओट्यावर बसलेले अप्पा, माझे वडील, इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझ्या बोलण्यावर ते कधी असे हसल्याचं मला आठवत नाही.

अप्पांची तारापूरच्या रस्त्याला केळी-नारळाची वाडी. स्वतः चौथी शिकलेले, पण मला त्यांनी मुंबईला मामाकडे ठेवून सिस्टर लोकांच्या इंग्रजी शाळेत घातलं. सुट्टीत घरी आले की दिवेलागणीनंतर ते ओट्यावर बसत आणि म्हणत, "वाच, बाय." मी इंग्रजी पुस्तक उघडून वाचायची. त्यांना एक शब्द कळत नसे. आल्यागेल्याला मात्र सांगायचे, "कुठं अडखळत नाय बगा. पाटाचं पाणी जसं." मी मुळात कमी बोलणारी. दिवसभरात अप्पांशी माझं दुसरं काही बोलणं होत नसे. ते तासभराचं वाचन तेवढं माझं होतं.

मग दादाचं लग्न झालं. वहिनी केळव्याची, पालघरच्या शाळेत नववीपर्यंत शिकलेली. दादा तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर स्टोअरमध्ये होता. तिथला एक अमेरिकन साहेब घर आवरून परत गेला तेव्हा त्याच्या बाईंनी जुनी पुस्तकं वाटून टाकली. दादाने त्यातलं एक आणलं. त्याला पुठ्ठा नव्हता, पहिली काही पानंही नव्हती. गोष्ट एका बेटावरच्या दीपगृहाची होती. तिथला दिवा सांभाळणारा माणूस आणि त्याची बायको. पुस्तक दादाने माझ्यासाठी आणलं होतं. ते वहिनीने फडताळात ठेवलं आणि रोज दुपारी काढू लागली.

मी तिला माझा शब्दकोश देऊ केला. तिने उचलून पाहिला आणि परत केला. "लग्नात सगळे पाव्हणे कुठं वळखीचे असतात? पयल्याच दिवशी गाव-घराणं विचारलं तर रुसतील. चार वेळा भेटले की कळतंच कोण कुणाचा ते." आई चुलीपाशी पुटपुटायची, "भाकरी करपल्या, सूनबाई इंग्रजी शिकल्या."

एका संध्याकाळी मी वाचत असताना अप्पांनीच विचारलं, "सूनबाई, तुज्या त्या दिव्यावाल्याचं काय झालं गे?" वहिनी पुस्तक घेऊन आली. एक ओळ वाचायची, थांबायची, आणि मग आपल्या बोलीत सांगायची. 'इस्लँड' हे त्या गावाचं नाव आणि 'फॉग' म्हणजे धूर, असं तिने ठरवलं होतं. "कसली बाई हाय, अप्पा. सकाळ-संध्याकाळ घर धुरानं भरतंय. हिची लाकडं ओली असणार."

"तिला सांग, करवंट्या घाल म्हणावं," अप्पा म्हणाले.

पुढे आठवडाभर त्या बाईच्या चुलीची चर्चा चालली. आईसुद्धा दारात येऊन उभी राहू लागली. मग एक दिवस वहिनी परसातून धावत ओट्यावर आली. "धूर नाय वो, अप्पा, धुकं! उगाच बोल लावला बाईला. धुक्यातच होडी आपटली." अप्पांना एवढं वाईट वाटलं, जणू त्या बाईची माफी मागायची राहिली होती.

मी खांबाला टेकून ऐकत असे. त्यानंतर मला कुणी "वाच, बाय" म्हणालं नाही.

एका दुपारी वहिनी विहिरीवर गेल्यावर मी ते पुस्तक घेतलं आणि बसल्या बैठकीला संपवलं. एकही शब्द अडला नाही. पण तिच्या बेटावर ताडाची झाडं होती, खडकावर बोंबील वाळत होते, त्या बाईला संध्याकाळी माहेर आठवायचं. यातलं काहीच मला पुस्तकात सापडलं नाही. दहा वर्षं मी इंग्रजी शिकले आणि त्या बेटावर मला उतरताच आलं नाही. या गोष्टीचा मला जितका राग आला, तितका वहिनीच्या लांबसडक केसांचा किंवा सगळ्यांना आवडणाऱ्या तिच्या हसण्याचाही कधी आला नव्हता.

गेल्या वर्षी दादाला सुरतेला नोकरी लागली. बोईसर स्टेशनवर वहिनीने पिशवीतून ते पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. दुमडलेलं पान अजून मध्येच होतं.

"तुम्ही न्या ना. तुमचं वाचून व्हायचंय," मी म्हणाले.

"अप्पांचंबी व्हायचंय. माझं काय, वन्सं, मी शेवट माझा माझा करून घेईन." मग हळूच म्हणाली, "तुमचा आवाज लय गोड हाय. पण जरा थांबत जा. ऐकणाऱ्याला चढू द्या होडीत."

गाडी गेल्यावर चार-पाच दिवस अप्पा ओट्यावर नुसते बसून राहिले. मग एकदा म्हणाले, "वाच, बाय."

मी दुमडलेलं पान उघडलं. एक ओळ वाचली आणि थांबले. अप्पा वाट पाहत होते. "ते दोघं होडीतून परत येतायत," मी म्हणाले. "आयलंडकडे."

"कुठं?"

"आयलंडकडे, अप्पा. बेट."

अप्पांच्या कपाळाला आठी पडली. हे कुठलं नवीनच गाव, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. वहिनी सुरतेला होती आणि तरीही ओट्यावर तिचीच जागा मोठी होती.

मी पुस्तकात पाहिलं. तो मुका एस तिथेच बसला होता.

"इस्लँडकडे," मी म्हणाले.

"हां," अप्पा म्हणाले आणि खांबाला पाठ टेकून सैल बसले. "मग काय झालं?"