साहेबांची कंबर

नवऱ्याच्या साहेबांना आम्ही बोलावलं नव्हतं. ईदच्या सुट्टीत आम्ही दोघं अल्माटीला विमानाने जाऊन तिथून ट्रेनने थेट कॅस्पियनच्या काठापर्यंत जाणार होतो. नवरा ऑफिसात बोलून बसला आणि साहेब म्हणाले, मीही येतो, आशिया एकदा क्रॉस करायचाच आहे. त्यांची बायको मात्र दुबईतलं, अल मनखूलमधलं घर सोडायला तयार झाली नाही. शहाणी बाई.

डब्यात आमच्या खोलीत चार बर्थ. खालचा एक माझा, समोरचा एका कझाक आजींचा, वरचे दोन या पुरुषांचे. आजी लेकीकडे निघाल्या होत्या, गुडघे सुजलेले. गाडी सुटली तशी साहेबांनी कंबर धरली आणि फोनमधल्या ट्रान्सलेटरवरून आजींना आपलं दुखणं ऐकवलं. आजी मुकाट्याने वर चढल्या. मी माझी जागा देऊ केली, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर नुसतं गवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी एका स्टेशनवर बराच वेळ थांबली. साहेब ट्रॅकसूट घालून उतरले, माझ्या हातात फोन दिला आणि प्लॅटफॉर्मवर सूर्यनमस्कार घालू लागले. त्यांना रील हवी होती.

"कंबर बरी दिसतेय," मी म्हटलं.

"योगाची कमाल, वहिनी. जरा पायही येऊ द्या फ्रेममध्ये."

आजी खिडकीतून सगळं बघत होत्या. आम्ही परत आलो तेव्हा साहेबांची गादी गुंडाळून वर ठेवलेली होती आणि आजी खाली बसून चहा पीत होत्या. साहेब आधी हिंदीत भांडले, मग इंग्रजीत. डब्याच्या अटेंडंट बाईने त्यांचं तिकीट पाहिलं आणि बोट वर केलं. उरलेला प्रवास ते छताखाली पडून जेवणाला नावं ठेवत होते.

दुबईला परतल्यावर त्यांनी लोकांना घरी बोलावलं. टीव्हीवर ते सूर्यनमस्कार लावले आणि सांगितलं, की एका म्हाताऱ्या बाईसाठी आपण खालचा बर्थ सोडला. मी बोलणार, तोच नवऱ्याने माझा हात दाबला.

"खरंय, सर फार हेल्पफुल आहेत," तो म्हणाला.

घरी परतताना कारमध्ये तो मला समजावत होता, अप्रेझल जवळ आलंय, खलास, सोड आता. साहेबांच्या घरी हल्ली तो एकटाच जातो.